पोस्टग्रेस १२ वरून १७ : कुठला स्पीड रिलीज नोटमध्ये लिहायचा आणि कुठला गप सोडून द्यायचा

आमचं सॉफ्टवेअर अडत दुकानांसाठी आहे. सांगली मार्केट यार्डातली हळदीची, गुळाची, बेदाण्याची दुकानं, थोडी तासगावची. सौदा नोंदवला की शेतकऱ्याची पट्टी निघते, हमाली-तोलाई-अडत-सेस ज्याच्या त्याच्या खात्याला लागतं, खरेदीदाराची उधारी चढते आणि रात्री खतावणी जुळते, एवढंच काम, पण सीझनला हे एवढंच काम सकाळपासून रात्री उशिरापर्यंत न थांबता चालतं. मागं डेटाबेस पोस्टग्रेस. छोट्या दुकानांत तो दुकानातल्याच पीसीवर बसवलेला, मोठ्या गिऱ्हाइकांसाठी एक कॉमन सर्व्हर आमच्याकडं. सगळीकडं व्हर्जन १२. पोस्टग्रेसचं दरवर्षी एक मोठं व्हर्जन येतं आणि प्रत्येकाला साधारण पाच वर्षं सपोर्ट मिळतो, १२ आलेलं ऑक्टोबर २०१९ ला, म्हणजे नोव्हेंबर २०२४ ला त्याचा शेवटचा पॅच आला आणि विषय संपला. १७ सप्टेंबर २०२४ मध्येच आलं होतं. मग ठरलं की नवी हळद यार्डात यायच्या आत, दिवाळी ते संक्रांत या मोकळ्या दिवसांत, सगळ्यांना १७ वर न्यायचं.

अपग्रेड कसं केलं ते इथं लिहीत नाही, त्यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. इथं लिहितोय ते अपग्रेडबरोबर जी रिलीज नोट (काय बदललं ते सांगणारा कागद) जाते तिच्याबद्दल, कारण तिच्यात परफॉर्मन्सच्या सुधारणा कुठल्या घालायच्या यावर आमच्यात चांगलीच जुंपली, आणि ती भांडणं अपग्रेडपेक्षा जास्त शिकवून गेली असं मला वाटतं.

आधी माल किती आहे ते बघा. १२ वरून १७ म्हणजे १३, १४, १५, १६ आणि १७ अशा पाच व्हर्जनच्या अधिकृत नोटा वाचायच्या, एकेका नोटेत दोनशेच्या आसपास मुद्दे. त्यात सुरुवातीला मायग्रेशनचा भाग, काय मोडेल त्याची यादी, आणि मग ऑप्टिमायझर (म्हणजेच प्लॅनर, क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न कुठल्या रस्त्यानं सोडवायचा ते ठरवणारा भाग), इंडेक्स (ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची), जनरल परफॉर्मन्स असे कप्पे. आणि ह्या नोटासुद्धा आधीच चाळणीतून आलेल्या असतात. वर्षाला पोस्टग्रेसमध्ये दोन हजारांच्या वर कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, पडतात, नोट बनवणारा माणूस तो सगळा लॉग वाचून त्यातून दोनशे मुद्दे काढतो. बाकीचं सगळं गाळलं जातं, त्यात बग दुरुस्त्या, कोडची झाडलोट असतेच पण ऑप्टिमायझरमधल्या बारीक सुधारणाही जातात, इथं एक अंदाज जरा बरा केला, तिथं एक फालतू कॉपी टाळली, अशा. ज्याने ती सुधारणा लिहिली त्याला वाईट वाटतं, आणि ते मला कळतं, कारण प्लॅनरमधली दोन ओळींची सुधारणा करायला कधीकधी महिनाभर डोकं फोडावं लागतं. पण वाचणाऱ्याला त्याचं काय?

आमच्या ऑफिसात ह्यावर तीन बाजू पडल्या.

आमचा ज्युनियर, पोरगा हुशार आहे, वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजमधून बाहेर पडलेला, त्याचं म्हणणं की सगळं लिहायचं. त्याचा मुद्दा असा की प्लॅनर बदलला की क्वेरीचा रस्ता बदलतो, आणि रस्ता बदलला की एखादी क्वेरी हळू होऊ शकते, तेव्हा शोधायला नाव तरी पाहिजे, गाळलेलं असलं तर माणूस कुठं शोधणार. साहेबांचं म्हणणं उलट्या टोकाचं, त्यांना आकडा पाहिजे होता. १६ च्या वेळी पोस्टग्रेसवाल्यांनी जाहीर केलेलं की कॉपी कमांडनं डेटा भरताना काही परिस्थितीत ३०० टक्क्यांपर्यंत सुधारणा दिसली, ते त्यांनी कुठंतरी वाचलं आणि मला म्हणाले, "३०० टक्के फास्ट असं टाका की व्हॉट्सॲपला, गिऱ्हाइकाला दुसरं काय कळतंय?" आणि सपोर्ट बघणाऱ्या ताई, ज्यांना यार्डातली निम्मी दुकानं नावानं ओळखतात, त्या म्हणाल्या मला दोन पानांच्या वर काही देऊ नका, मी फोनवर बोलत असताना वाचायचं असतं.

मी तिघांच्या मधे. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही वाटत होतं की हा मोठ्या-छोट्याचा प्रश्न आहे, मोठी सुधारणा लिहायची, छोटी सोडायची, संपलं. पण एकेक मुद्दा हातात घेतला तसं दिसायला लागलं की सुधारणा किती मोठी ह्याचा नोटेशी संबंध फार थोडा आहे.

३०० टक्क्यांचं आधी उरकून टाकतो. तो आकडा खोटा नाही. पण तो कॉपीनं ढीगभर डेटा भरताना, आणि विशेष करून एकाच टेबलात एकाच वेळी अनेक कनेक्शन भरत असताना, टेबलाची फाइल वाढवायच्या जागी जी रांग लागायची ती कमी केल्याचा परिणाम आहे. अडत दुकानात कोण करतंय हे? कारकून एकेक सौदा टाइप करतोय. आमच्याकडं कॉपी चालते ती फक्त नवीन गिऱ्हाइकाचा जुना डेटा आणताना, तेही एकाच कनेक्शननं, वर्षातून थोड्या वेळा. म्हणून नाही लिहिलं. साहेब नाराज झाले, म्हणाले तुम्ही लोक विकू देत नाही. १४ मधली कनेक्शनची सुधारणाही अशीच, स्नॅपशॉट (त्या क्षणी कुठला डेटा दिसायचा त्याची नोंद) घ्यायचा खर्च कमी केला, हजारो कनेक्शन असतील तिथं फार मोठी गोष्ट आहे, आमच्या दुकानात कनेक्शन किती तर काउंटर जितके. गाळली. १७ मध्ये व्हॅक्यूमला (टेबलातल्या मेलेल्या ओळींची साफसफाई) मेमरी वीसपट कमी लागू शकते असं आहे, उत्तम काम केलंय, पण आमच्या टेबलांच्या आकाराला व्हॅक्यूमची मेमरी हा प्रश्नच कधी नव्हता.

म्हणजे जगाच्या दृष्टीनं ज्या तीन सगळ्यात गाजलेल्या सुधारणा, त्या तिन्ही आमच्या नोटेबाहेर गेल्या.

आता हॅश ॲग्रिगेट. इथं मी जरा थांबणार आहे, कारण आमची अख्खी नोट ह्या एका मुद्द्याभोवती फिरली.

आमच्याकडं वार्षिक खतावणीचा रिपोर्ट आहे, खातं आणि महिना अशा गटानं बेरजा. पोस्टग्रेस अशा क्वेरीला मेमरीत एक हॅश टेबल बनवून बेरजा साठवतो. १२ मध्ये नियम असा होता की प्लॅनरला वाटलं हे टेबल वर्क-मेममध्ये (अशा एका कामाला ठरवून दिलेली मेमरी) मावेल तरच तो हॅशचा रस्ता घ्यायचा, नाहीतर सॉर्ट करायचा. पण एकदा हॅश घेतला आणि अंदाज चुकला, गट भरपूर निघाले, तर टेबल मेमरीत फुगत जायचं, मर्यादा वगैरे काही नाही. मोठ्या टेबलावर ॲनालाइझ (प्लॅनरसाठी आकडेवारी गोळा करणं) फक्त नमुना बघतं, त्यामुळं वेगळी खाती किती ह्याचा अंदाज बऱ्याचदा कमीच निघतो, आणि आमचं नेमकं तेच होत होतं. वर्क-मेमचं डिफॉल्ट ४ एमबी, दुकानातल्या पीसीवर ते कधी कुणी बदललं नव्हतं, आणि वर्षानुवर्षं हा रिपोर्ट ४ एमबीच्या कितीतरी पुढं जाऊन मेमरीत आरामात चालत होता. कुणाला पत्ता नाही, कारण त्रास नाही.

१३ मध्ये हे सुधारलं. आता हॅश टेबल मर्यादेपलीकडं गेलं की जादाचा माल डिस्कवर उतरवतात. मर्यादा म्हणजे वर्क-मेम गुणिले हॅश मेम मल्टिप्लायर नावाची नवी सेटिंग, १३ आणि १४ मध्ये तिचं डिफॉल्ट १, आणि १५ पासून २. ही सुधारणाच आहे, ह्यात वाद नाही, एका चुकलेल्या अंदाजामुळं सर्व्हरची सगळी मेमरी खाऊन मशीन आडवं पडणं हे कुणालाच नको असतं. शिवाय आता प्लॅनर मोठ्या गटांनाही हॅश वापरू शकतो, जे आधी टाळायचा. पण दुकानातल्या जुन्या हार्डडिस्कच्या पीसीवर आम्ही तोच डेटा दोन्ही व्हर्जनवर टाकून बघितला तर १७ वर वार्षिक खतावणी १२ पेक्षा हळू. सर्व्हरवर मात्र हळू नाही, तिथं वर्क-मेम आधीच वाढवलेली होती. एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी कुठल्या रस्त्यानं गेली ते दाखवणारी कमांड) बघितला तर हॅश ॲग्रिगेटच्या खाली बॅचेस आणि डिस्क युसेज अशी ओळ, जी १२ वर कधी दिसलीच नव्हती.

साहेबांनी विचारलं, "सुधारणेच्या यादीत आहे आणि आपल्याकडं हळू? मग सुधारणा कुणाची?" प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की १३ च्या अधिकृत नोटेत हे नीट लिहिलंय, आधी काय व्हायचं, आता काय होईल, आणि आधीसारखं पाहिजे असेल तर मल्टिप्लायर वाढवा. मला ती नोंद फार आवडते, कारण ती वाचून माणूस लगेच काहीतरी करू शकतो. स्पीड किती वाढला त्याचा एकही आकडा तिच्यात नाही, गरजही नाही.

तर आम्ही दोन गोष्टी केल्या. नवीन इन्स्टॉलरमध्ये मशीनची रॅम बघून वर्क-मेम ठरवायचं टाकलं, आणि सपोर्टच्या नोटेत वरच्या भागात हा मुद्दा घातला, डिस्क युसेजची ओळ दिसली तर कुठली सेटिंग किती करायची ह्याच्यासकट.

इंडेक्सचं प्रकरण वेगळंच निघालं. १३ मध्ये बी-ट्री इंडेक्सला (नेहमीचा, झाडासारखा रचलेला इंडेक्स) डीडुप्लिकेशन आलं, म्हणजे एकच व्हॅल्यू हजार ओळींत असेल तर इंडेक्समध्ये ती हजारदा लिहायच्या ऐवजी एकदा लिहून पुढं ओळींचे पत्ते जोडायचे. आमच्या सौदे टेबलात दुकानाचा आयडी, मालाचा प्रकार असे कॉलम, जिथं व्हॅल्यू मोजक्या आणि ओळी लाखांत, तिथं इंडेक्स चांगलाच आवळला जातो. दराचा कॉलम न्युमेरिक (अचूक दशांश आकड्यांचा प्रकार) आहे, त्याला हे लागू होत नाही, कारण न्युमेरिकमध्ये किंमत सारखी असली तरी लिहिण्याची पद्धत वेगळी असू शकते, ५० आणि ५०.००, दोन्ही टिकवावे लागतात. हे बारीक आहे, पण आमच्या पोरानं दराचा इंडेक्स का लहान झाला नाही म्हणून अर्धी दुपार घालवली म्हणून लिहून ठेवतोय.

गंमत अशी की हा फायदा मिळणार की नाही हे अपग्रेड कसं केलं त्यावर ठरतं. छोट्या दुकानांचा डेटा आम्ही डंप काढून नव्या व्हर्जनमध्ये रिस्टोअर केला, इंडेक्स नव्यानं बनले, फायदा फुकट मिळाला, सांगायची गरज नाही. कॉमन सर्व्हरला मात्र पीजी-अपग्रेड वापरलं, त्यात इंडेक्सच्या फाइली तशाच उचलल्या जातात, जुन्या बांधणीच्या, आणि रीइंडेक्स केल्याशिवाय, म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधल्याशिवाय, फायदा शून्य. मग एकच सुधारणा दुकानाच्या नोटेत नाही आणि सर्व्हरच्या नोटेत आहे, असं झालं. पोरगा म्हणाला हे विसंगत दिसतंय सर. मला नाही वाटत. दुकानदारानं वाचून करायचं काहीच नाही, सर्व्हर बघणाऱ्यानं रीइंडेक्स चालवायचंय, तेही कॉन्करंटली, म्हणजे काम चालू ठेवून, रात्री.

पीजी-अपग्रेडवरून आठवलं, सगळ्यात महत्त्वाची परफॉर्मन्सची ओळ तर सुधारणांच्या यादीत नसतेच. १७ पर्यंत पीजी-अपग्रेड प्लॅनरची आकडेवारी नव्या व्हर्जनमध्ये नेत नाही. म्हणजे अपग्रेड झाल्या झाल्या प्लॅनर आंधळा असतो, ॲनालाइझ पूर्ण होईपर्यंत काहीही रस्ता घेऊ शकतो. हे ज्याला माहीत नाही तो सकाळी उठून म्हणणार नवीन व्हर्जन बेकार आहे. आमच्या सपोर्ट नोटेची पहिली ओळ हीच आहे.

मेमोइझवर मी आणि पोरगा बराच वेळ भांडलो. १४ मध्ये आलेली गोष्ट, नेस्टेड लूपमध्ये (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात शोधणं) आतल्या बाजूला तीच-तीच व्हॅल्यू परत विचारली जात असेल तर आधीचं उत्तर लक्षात ठेवायचं. पट्टीच्या रिपोर्टला हे फिट्ट बसतं, एकच शेतकरी दहा सौद्यांत येतो, दहा वेळा शेतकरी मास्टरमध्ये जायच्या ऐवजी एकदाच. आमच्या डेटावर फायदा झाला पण डोळ्यात भरण्यासारखा नाही, कारण शेतकरी मास्टर तसाही मेमरीतच असतो. मी म्हणलं गाळू या. पोरगा म्हणाला सर, स्पीड बाजूला ठेवा, उद्या ताईंनी कुणाकडून एक्सप्लेनचा स्क्रीनशॉट मागवला आणि त्यात मेमोइझ असा नवाच नोड (क्वेरीच्या रस्त्यातली पायरी) दिसला, हिट्स, मिसेस, इव्हिक्शन्स असे आकडे दिसले, तर त्या काय समजणार? आणि प्लॅनरनं वेगळ्या व्हॅल्यूंचा अंदाज चुकवला तर मेमोइझ उलट नडू शकतं, तेव्हा बंद करायची सेटिंग आहे हे कुणी सांगायचं?

त्याचं बरोबर होतं आणि मुद्दा त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा होता. फायदा थोडा असला तरी जी गोष्ट एक्सप्लेनमध्ये नवीन नावानं दिसते, जिला स्वतःची चालू-बंद सेटिंग आहे, ती नोटेत पाहिजे. मायएसक्यूएल ह्या दुसऱ्या डेटाबेसनं ८.०.१८ मध्ये हॅश जॉइन (दोन टेबलं हॅशनं जोडायची पद्धत) आणला तेव्हाही तसंच होतं, ते नाव आधी त्यांच्या प्लॅनमध्ये नव्हतंच, ते लिहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ह्याच्या उलट जी सुधारणा प्लॅनच्या आतल्या आत मुरते, दिसत नाही, बंद करता येत नाही, तिची ओळ लिहून वाचणाऱ्याच्या हातात काय पडतं? अशा बारीक सुधारणांचं एसक्यूलाइट ह्या छोट्या डेटाबेसवाले जे करतात ते मला पटतं. २०१४ च्या ३.८.७ मध्ये त्यांनी ढीगभर बारीक सुधारणांची मिळून एकच ओळ लिहिली, की तेवढ्याच सीपीयू सायकलमध्ये २०.३ टक्के जास्त काम होतं, आणि कुठल्या टेस्टनं मोजलं तेही सांगितलं. प्रत्येकीचं नाव नाही, पण बेरीज आहे आणि मापाचं नाव आहे. पोस्टग्रेसला असं करणं अवघड जाईल, तिथं वापरणारे इतक्या तऱ्हेचे की एका टेस्टची बेरीज कुणालाच लागू होणार नाही, सगळ्या प्रतीची हळद एका लॉटमध्ये ओतून भाव काढल्यासारखं होईल.

मग आली १७ मधली इन-लिस्टची सुधारणा, आणि हिनं मला तरी नवीन काहीतरी शिकवलं. खातेउतारा काढताना आम्ही निवडलेल्या खात्यांचे आयडी इन मध्ये देतो, कधी पन्नास, कधी दोनशे. आधी बी-ट्री इंडेक्स प्रत्येक व्हॅल्यूसाठी वरून खाली वेगळा उतरायचा, १७ पासून शेजारशेजारच्या व्हॅल्यू एकाच पानावर असतील तर एका फेरीत उचलतो. वेग वाढला, बरं वाटलं, पण वेगासाठी मी ही ओळ लिहिली नसती. लिहिली ती दुसऱ्याच कारणानं. पोस्टग्रेस इंडेक्सचा वापर मोजतो त्या आकडेवारीत अशी प्रत्येक आतली फेरी वेगळी मोजली जाते. फेऱ्या कमी झाल्या की आकडा कमी. आमच्याकडं एक जुनी स्क्रिप्ट आहे जी कमी वापरले गेलेले इंडेक्स शोधून काढून टाकायची शिफारस करते. अपग्रेडनंतर खात्याच्या इंडेक्सचा आकडा आधीपेक्षा एकदम हळू वाढायला लागला, आणि ती स्क्रिप्ट सांगायला लागली की हा इंडेक्स काढा. जो इंडेक्स काढला तर अख्खं यार्ड बोंबलत येईल तो. टेस्ट सर्व्हरवरच दिसलं म्हणून बरं. तर नोटेत ओळ अशी गेली की इन-लिस्टच्या क्वेरींमुळं वापराचे आकडे कमी दिसतील, जुन्या आकड्यांशी तुलना करू नये, स्क्रिप्टची मर्यादा बदलली आहे.

इथं आमच्या भांडणाचा सूर बदलला. तोपर्यंत आम्ही प्रत्येक सुधारणेला विचारत होतो की तू किती मोठी. त्यानंतर विचारायला लागलो की तुझ्यामुळं कुणाला काही करावं लागणार आहे का, आमचं आधीचं एखादं जुगाड आता नको झालंय किंवा उलटायला लागलंय का, आणि काही बिनसलं तर फोन उचलणाऱ्याला तुझं नाव माहीत असायला पाहिजे का. तिन्हीला नाही असेल तर जा बाई, तू कितीही फास्ट असलीस तरी. माझ्या मते अधिकृत नोटांनाही हाच नियम लागू आहे, फक्त त्यांचा वाचणारा जगभर पसरलाय म्हणून त्यांना काही गोष्टी आमच्यापेक्षा सढळ हातानं घ्याव्या लागतात. १२ मधला विथ क्वेरीचा (मोठ्या क्वेरीच्या आधी नाव देऊन लिहिलेली छोटी क्वेरी) बदल बघा, १२ च्या आधी विथ मधली क्वेरी वेगळी चालवली जायची, प्लॅनर ती बाहेरच्या क्वेरीत मिसळायचा नाही, आणि कितीतरी लोक मुद्दाम कुंपण म्हणून विथ वापरायचे. १२ पासून मिसळायला लागला, बहुतेकांना फायदा, पण कुंपणवाल्यांचे प्लॅन बदलले, त्यांना मटेरियलाइज्ड असं स्पष्ट लिहावं लागलं. तो मुद्दा नोटेत नसता तर? सुधारणा म्हणून नव्हे, कुणीतरी जुन्या वागण्यावर विसंबून होतं म्हणून तो तिथं पाहिजे होता.

जुगाडांचं म्हणाल तर आमच्याकडं दोन निघाली. सौदे टेबलात ओळी फक्त भरल्या जातात, बदलत जवळपास नाहीत. १३ च्या आधी नुसत्या इन्सर्टमुळं ऑटोव्हॅक्यूम जागा होत नव्हता, म्हणून आम्ही रोज रात्री व्हॅक्यूमचा जॉब लावलेला, नाहीतर इंडेक्स-ओन्ली स्कॅनला (फक्त इंडेक्स वाचून उत्तर देणं) टेबलात डोकवायला लागायचं. १३ पासून इन्सर्ट मोजूनही ऑटोव्हॅक्यूम चालतो. जॉब काढा, ही ओळ गेली. दुसरं जुगाड लॅटरलचं (बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी आतली क्वेरी चालवणं), प्रत्येक खात्याचे शेवटचे पाच सौदे काढायला रो-नंबर वापरला तर १२ सगळ्या ओळींना नंबर देत बसायचा म्हणून तेव्हाच्या डेव्हलपरनं लॅटरलनं फिरवून लिहिलेलं. १५ मध्ये रो-नंबरची ती अट लवकर थांबायला शिकली, एक्सप्लेनमध्ये रन कंडिशन म्हणून दिसते. पण लॅटरलवालं अजूनही छान चालतं, काढायची काही गरज नाही, म्हणून नोटेत नाही, आमच्या डेव्हलपरांच्या वहीत गेलं.

शेवटी दुकानदाराला द्यायच्या नोटेचा मसुदा एवढाच होता: "डेटाबेस नवीन व्हर्जनवर नेला आहे. रोजच्या कामात तुम्हाला काही बदलायचं नाही. खातेउतारा आणि पट्टी आधीसारखीच किंवा थोडी लवकर येईल. वार्षिक खतावणी आधीपेक्षा हळू वाटली तर सपोर्टला फोन करा, त्याची सेटिंग आहे."

शेवटच्या वाक्यावर साहेब अडले. आपणच आपल्या तोंडानं हळू कशाला म्हणायचं, गिऱ्हाईक उगं शंका घेतं. ताईंनी ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, अवो ते वाक्य नसलं तर माणूस आठ दिवस गप सहन करतो आणि मग चौकात चार जणांना सांगतो की ह्यांचं सॉफ्टवेअर बिघडलंय. वाक्य असलं तर मला फोन करतो. मला फोन आलेला परवडतो." साहेबांनी "थोडी लवकर" च्या जागी "जलद" करून घेतलं आणि बाकी तसंच सोडलं.

सीझनला फोन आले, यायचेच. तासगावच्या एका बेदाण्याच्या दुकानातून नेमका वार्षिक खतावणीचाच आला, तिथं इन्स्टॉलर जुनाच चालवला गेला होता त्यामुळं वर्क-मेम ४ एमबीवरच राहिलेली. ताईंनी नोट बघून सेटिंग बदलून दिली, आमच्यापर्यंत आलंच नाही, मला नंतर कळलं. दुसरा एक प्रकार जरा अवघड होता. खरेदीदारनिहाय वेगवेगळे शेतकरी किती, असा एक काउंट डिस्टिंक्टचा रिपोर्ट आहे, त्याचा प्लॅन बदललेला दिसला, खाली एक सॉर्ट आलेला जो आधी नव्हता. हे १६ मधलं, डिस्टिंक्ट किंवा ऑर्डर बाय असलेल्या ॲग्रिगेटना आधीच लावून ठेवलेला डेटा वापरता येतो, तिलाही चालू-बंद सेटिंग आहे. रिपोर्ट हळू झाला नव्हता, नुसता वेगळा दिसत होता. आमच्याच कसोटीनं, म्हणजे एक्सप्लेनमध्ये दिसतं आणि सेटिंग आहे, ही ओळ नोटेत बसते. ताईंचं म्हणणं पडलं की दोन पानं भरलीत, एक घालायची असेल तर एक काढा. मेमोइझ काढायचं का हे, ह्यावर पोरगा अजून तयार नाही, म्हणून सध्या फॉन्ट बारीक करून दोन्ही ठेवलंय, जे मला अजिबात पटलेलं नाही.

आणि आता १८. ते सप्टेंबर २०२५ मध्ये आलं. पीजी-अपग्रेड आता बरीचशी आकडेवारी बरोबर घेऊन जातं, म्हणजे आमची पहिली ओळ पुढच्या वेळी बदलेल, पूर्ण काढता येणार नाही कारण एक्स्टेंडेड स्टॅटिस्टिक्स (अनेक कॉलमची एकत्र आकडेवारी) येत नाहीत आणि त्या आम्ही वापरतो. असिंक्रोनस आयओ (डिस्कची वाट बघत न थांबता काम चालू ठेवणं) आलंय, त्यावर साहेबांची नजर गेलेलीच आहे. पण खरा वाद स्किप स्कॅनवर पेटणार. आमच्याकडं दुकान-तारीख-खातं असा एक इंडेक्स आहे आणि तारीख-खातं असा दुसरा, कारण काही रिपोर्ट सगळ्या दुकानांचे मिळून निघतात आणि पहिल्या कॉलमची अट नसेल तर पहिला इंडेक्स धड उपयोगी पडायचा नाही. १८ मध्ये पहिल्या कॉलमच्या व्हॅल्यू मोजक्या असतील तर प्लॅनर एकेक व्हॅल्यूवर उडी मारत तोच इंडेक्स वापरू शकतो. कॉमन सर्व्हरवर दुकानं मोजकीच. म्हणजे दुसरा इंडेक्स काढता येईल, जागा वाचेल, सौदा भरताना एक लिहिणं कमी. पोरानं ओळ तयारही ठेवलीय, "दुसरा इंडेक्स काढावा." मी म्हणलं "काढता येईल का ते तपासावं" कर. ताईंनी दोन्ही वाचलं आणि एवढंच विचारलं की काढल्यावर हळू झालं तर परत बनवायला किती वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात सौदे थांबतात का. कॉन्करंटली बनवला तर सौदे थांबत नाहीत, पण वेळ जास्त लागतो आणि मधेच फेल झाला तर अर्धवट इनव्हॅलिड इंडेक्स तसाच पडून राहतो, तो हातानं काढावा लागतो. आता ओळीच्या खाली हेही लिहायचं ठरलंय, म्हणजे ती एक ओळ राहिली नाही, चार झाल्या, आणि मार्च एंडची खतावणी होईपर्यंत त्या ड्राफ्टला कुणी हात लावायचा नाही.